पुण्यातल्या इंग्रजी काळातल्या इमारती : एका दिवसात काय काय बघू?

रेवती_बडोदा

नमस्कार मंडळी, दिवाळीनंतर पुण्याला येतेय, सोबत भाची (आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला) आणि सासरे. शनिवारवाडा, लाल महाल, सिंहगड सगळं आधी झालंय. भाचीचं म्हणणं की मावशी यावेळी पेशवे नको, इंग्रज दाखव. तिला विटा, कमानी, टॉवर असलं काय काय बघायचंय. सासऱ्यांना गोष्टी ऐकायला आवडतात पण गुडघे फार चालू देत नाहीत. हाताशी एकच पूर्ण दिवस आहे. मुंबईला फोर्टात फिरायचं असतं तर डोळे मिटून प्लॅन केला असता, पुण्यात या काळातलं नेमकं काय बघण्यासारखं आहे ते जाणकारांनी सांगावं. नुसती यादी गूगलवर मिळते, मला ती नकोय, काय गाळू तेही सांगा.

मंडईकर

ताई, सुरुवात मंडईपासूनच करा, माझं आयडी बघून बोलतोय असं वाटेल पण कारण आहे. १८८६ साली बांधून झाली, तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेल्या पाखा. बांधणारे वासुदेव बापूजी कानिटकर म्हणजे आपलाच माणूस, फर्ग्युसनची इमारतही त्यांनीच बांधली. भाचीला म्हणावं आत मधोमध उभी राहून वर बघ, छप्पर कसं पेललंय ते कळेल. पण सकाळीच जा, दुपारी गाळेवाले पेंगत असतात आणि मजा जाते. ओट्यावर मांडी घालून बसलेला गाळेवाला, त्याच्या मागे पायरीपायरीनं रचलेली फळं, आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून मान वर करून भाव करतंय, ही मांडणी मूळ इमारतीतच आहे बरं का, नंतर कुणी केलेली नाही.

गंमत अशी की हे मार्केट बांधायला नगरपालिकेत विरोध कोणी केला तर जोतीराव फुल्यांनी. ते तेव्हा सदस्य होते, त्यांचं म्हणणं एवढा पैसा मार्केटवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. आणि आज पाटी काय, तर महात्मा फुले मंडई! ते नाव द्यायचा पुढाकार आचार्य अत्र्यांचा, ते नगरपालिकेत निवडून आले होते तेव्हाचा.

टवाळ_पुणेकर

मंडईत भाव करायला घेऊन जाताय की कमानी बघायला ते आधी ठरवा. सासरे एकदा का पेरूच्या ढिगापाशी थांबले की पुढचा प्लॅन विसरा 😀

सडेतोड

मला कळत नाही या गोऱ्यांच्या इमारती कौतुकानं बघायच्या कशाला. ज्यांनी लुटलं, दुष्काळात लोकांना मरू दिलं, प्लेगात घरात घुसून बायकामाणसांची विटंबना केली त्यांचे टॉवर बघून भाचीला काय शिकवणार? पुण्यात बघायला दुसरं काही नाही का?

नदीकाठचा

@सडेतोड, भाऊ रागावू नका, पण तुम्ही म्हणताय तेच तर या जागांवर जाऊन कळतं. पुण्यात इंग्रजांची अशी एक मोठी इमारत दाखवा की जिथं आपल्या लोकांनी काही ना काही केलेलं नाही. मी सांगतो क्रमानं, थोडं लांबेल.

संगम पूल. मुळा-मुठेचा संगम आहे तिथं पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, बाजीराव पर्वतीवरून बघत होता म्हणतात, रेसिडेंट एलफिन्स्टन आधीच निसटून खडकीच्या फौजेकडे गेला होता आणि आपल्या लोकांनी मागं बंगला जाळला. लढाई हरलो ते सगळ्यांना माहितीये, बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. त्याच संगमाच्या परिसरात पुढं १८७९ मधे वासुदेव बळवंत फडक्यांना खटल्याच्या वेळी ठेवलं होतं, आता सीआयडीचं ऑफिस आहे आणि फडक्यांचं स्मारक. फडक्यांची बाजू कोर्टात मांडायला उभे राहिले सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी, वकील). आणि फडके त्याआधी करत काय होते, तर याच पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी!

मग विद्यापीठ. मुख्य इमारत म्हणजे जुनं गव्हर्नमेंट हाऊस, गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम. १८६४ ला काम सुरू, १८७१ ला पुरं. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना एवढा खर्च केला की पार विलायतेत पार्लमेंटात बोंब झाली. आता २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून त्या बंगल्यात मेजवानी, रोषणाई, आणि परत येताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँडला गाठलं. 'गोंद्या आला रे' ही खूण. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट तिथंच मेला, रँड ३ जुलैला. तेव्हा ती इमारत बघायची ती नुसत्या कमानींसाठी नाही, तिच्या दारातून निघून गाडी कुठल्या रस्त्यानं गेली ते बघण्यासाठी.

फर्ग्युसन. कॉलेज आपल्या लोकांचं, नाव गव्हर्नरचं. २२ जुलै १९३१, हंगामी गव्हर्नर हॉटसन कॉलेज बघायला आला, तिथल्या वाडिया लायब्ररीत वासुदेव बळवंत गोगटे नावाच्या विद्यार्थ्यानं समोरून गोळी झाडली. सोलापूरला मार्शल लॉ लावून चौघांना फाशी दिलं होतं त्याचा राग. हॉटसन वाचला. आणि पुढचं ऐका, गोगटे सुटून आल्यावर त्याच हॉटसननं त्यांना आयुष्य मार्गी लावायला पैसे पाठवले. गोगटे नंतर पुण्याचे महापौरही झाले.

कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर व्हिक्टरी थिएटर, तेव्हाचं कॅपिटॉल. २४ जानेवारी १९४३ ला तिथं बॉम्ब फुटला, सिनेमा बघायला बसलेले ब्रिटिश सैनिक मेले.

आता सांगा भाचीला यातलं काय शिकायचं नाही?

शेवंता

नदीकाठचा, जबरी प्रतिसाद. आमच्या शाळेत रँड एवढाच शिकवला, हॉटसन आणि पैशांचं माहितीच नव्हतं. +१००

सडेतोड

@नदीकाठचा माहिती चांगली आहे, मान्य. पण मग फडक्यांचं स्मारक बघा, चापेकरांचा चिंचवडचा वाडा बघा असं म्हणा ना. विषय 'इंग्रजी इमारती' कशाला?

गवंडीकाम

मी बांधकामातला माणूस, माझे दोन पैसे. या इमारतींना इंग्रजी म्हणायचं आणि बाजूला ठेवायचं हे मला पटत नाही. नकाशा साहेबाचा, ठीक. काळा दगड आपल्या डोंगराचा, घडवणारे पाथरवट, वडार, गवंडी आपले, ठेकेदार कित्येकदा आपले. वर फुल्यांचा विषय निघालाय तर सांगतो, जोतीराव स्वतः बांधकामाच्या ठेक्यात होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवलेला. त्यामुळं मजुराला काय मिळतं, इंजिनियर आणि ठेकेदार मिळून किती खातात हे त्यांनी आतून बघितलं होतं आणि तेच पुढं लिहिलं. मंडईला विरोध करणारा माणूस हवेत बोलत नव्हता, त्याला दर माहीत होते.

आणि पैसा कोणाचा ते पण बघा की. ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ डेव्हिड ससूनचं, डेक्कन कॉलेजच्या इमारतीला मोठी देणगी सर जमशेटजी जीजीभॉयची. दोघंही मुंबईचे व्यापारी, दोघांच्या श्रीमंतीत चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा. म्हणजे मावळातला दगड, चिनी माणसाच्या व्यसनाचा पैसा आणि इंग्रज इंजिनियर, त्यात आपली पोरं शिकली नि आपलेच आजारी बरे झाले. यातलं काय इंग्रजी आणि काय आपलं हे तुम्हीच वेगळं करून दाखवा.

भाचीसाठी खास : लाल देऊळ (ओहेल डेव्हिड सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मोलेदिना रोड), ससूनची जुनी इमारत, डेक्कन कॉलेज ही तिन्ही एकाच माणसाच्या हातची आहेत, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स, लष्करातला इंजिनियर. तिन्ही १८६० च्या दशकातली. एकाच दिवसात तिन्ही बघितली तर तिच्या लक्षात येईल की त्या माणसाला टोकदार कमान आणि उंच टॉवर यांची किती हौस होती.

रेवती_बडोदा

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, सासऱ्यांना वाचून दाखवतेय, ते म्हणतात हॉटसनची गोष्ट परत वाच 🙂 @गवंडीकाम दादा, लाल देवळात आत सोडतात का? आणि डेक्कन कॉलेजात?

कॅम्पातली_मुलगी

रेवती, मी सांगते, माझं बालपण तिथंच मागच्या गल्लीत गेलंय. लाल देवळात शनिवारी अजिबात जाऊ नका, ज्यूंचा शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा नि प्रार्थनेचा दिवस असतो, शुक्रवारी संध्याकाळपासूनच. ज्यूंचे सण असतील तेव्हाही नाही. इतर दिवशी आधी फोन करून परवानगी, सोबत ओळखपत्र, सिक्युरिटी कडक असते आणि ती असणारच, कुरकुर करू नका. बाहेरून बघायला मात्र कोणी अडवत नाही. लाल विटा, मधे मधे दगड, आणि टॉवर असा की पहिल्यांदा बघणारा चर्च आहे असंच समजतो. १८६३ ला काम सुरू झालं, १८६७ ला संपलं, पण डेव्हिड ससून मधेच १८६४ ला गेला, पुण्यातच. त्याची कबर आवारातच आहे, छोटी वेगळी छत्रीसारखी इमारत.

ससून बगदादचा, त्याचे लोक बगदादी ज्यू. आपले मराठी बोलणारे, कोकणातले बेने इस्रायल वेगळे, त्यांचं सिनेगॉग रास्ता पेठेत आहे. माझ्या शाळेत दोघी मैत्रिणी होत्या, तळेगावकर आणि पेणकर आडनावाच्या, घरी पुरणपोळी पण करायच्या. (अवांतर झालं, सॉरी)

तिथनं पुढं सेंट मेरीज चर्च, १८२५ चं, म्हणजे पेशवाई जाऊन दहा वर्षं पण झाली नव्हती तेव्हाचं. आत भिंतींवर पाट्या लावल्यात, कोण कुठल्या लढाईत मेला, कोण पटकीनं, आणि बायका नि तान्ही पोरं किती. मला त्या पाट्या वाचायला आवडतात, माझ्या नवऱ्याला कंटाळा येतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा टाळा. मग भूक लागली की कॅम्पात आहातच, कयानी बेकरीची लाईन बघून ठरवा.

मंडईकर

मंडईवरून आठवलं, तिथनं चालत जाण्याजोगं पंचहौद मिशनचं चर्च गुरुवार पेठेत, उंच घंटाघर लांबून दिसतं. १८८५ चं. तिथलं १८९० चं चहाप्रकरण म्हणजे पुण्याचा अर्क. गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे यजमान) यांनी मिशनमधे व्याख्यानाला म्हणून बड्या बड्या लोकांना जमवलं, मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली, कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला, कोणी खाली ठेवला. आणि गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मधे छापून आणली! त्यात टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघंही. पुढं शंकराचार्यांपर्यंत खटलं, ग्रामण्य (जातीचा बहिष्कार), प्रायश्चित्त सगळं. टिळकांनी सांगितलं मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय, रानड्यांनी नंतर घेतलं त्यावरून सुधारक मंडळी त्यांच्यावर चिडली ते वेगळंच. तिथनं आणखी थोडं पुढं गंज पेठेत फुलेवाडा. मंडई, पंचहौद, फुलेवाडा ही सकाळ झाली तुमची, फार चालणं नाही, रिक्षा केली तर सासऱ्यांना काहीच त्रास नाही.

टवाळ_पुणेकर

एक कप चहावरून दोन वर्षं भांडणारं गाव म्हणून आम्हाला अभिमान आहे. आता त्याच चहावर अमृततुल्यात उभं राहून भांडतो.

खडकी_बाजार

मंडईकर, मंडईसमोरचा टिळक पुतळा विसरलात का? १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते बसवला. विचार करा, गव्हर्नरच्या नावाचं मार्केट आणि दारात ज्याला सहा वर्षं मंडालेला ठेवलं तो माणूस उभा.

दुसरं, आमच्या खडकीकडं कोणी फिरकत नाही म्हणून सांगतो. युद्ध स्मशानभूमी आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची, राष्ट्रकुलाच्या कमिशनकडं देखभाल. गवत कापलेलं, एकसारखे पांढुरके दगड, प्रत्येकावर नाव, पलटण, वय. वयं वाचत जा, वीस, बावीस, एकोणीस. आवाज नको, फोटो नको, दहा मिनिटं बसा आणि या.

सडेतोड

बरं, पुतळ्याचं आवडलं. एक विचारतो, गांधींना ससूनमधेच ऑपरेशन केलं होतं ना? ती खोली बघता येते का?

नदीकाठचा

हो, १२ जानेवारी १९२४. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, अपेंडिक्स. कर्नल मॅडॉक नावाच्या इंग्रज सर्जननं ऑपरेशन केलं, मधेच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. खोली स्मारक म्हणून जपलीय, पण चालू सरकारी दवाखाना आहे, रोज उघडी नसते, आधी विचारावं लागतं. पेशंटच्या नातेवाइकांच्या गर्दीतून पर्यटक म्हणून जाताना मला तरी ओशाळल्यासारखं होतं, त्यामुळं रेवतीताई, परवानगी मिळाली तरच जा, नाहीतर बाहेरून जुनी इमारत आणि टॉवर बघा.

गांधींचंच बघायचं तर आगाखान पॅलेस. पण तो सरकारी नव्हे, तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मधे बांधला, आसपासच्या दुष्काळी लोकांना काम मिळावं म्हणून. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला ऑगस्ट १९४२ ला. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई सहाव्या दिवशी गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला. तिकीट आहे, आवार सपाट आहे, सासऱ्यांना बसायला झाडं भरपूर.

गवंडीकाम

आणि पॅलेसला जाताना बंडगार्डनचा जुना पूल, फिट्झजेराल्ड ब्रिज. १८६७ चा. आता गाड्या बंद आहेत, चालत जाता येतं. दोन्ही टोकांना दगडी सिंह, पंजाखाली गोळा. भाचीला म्हणावं पुलावरून बघू नको, खाली नदीकडच्या बागेत उतरून कमानींची ओळ बघ आणि खांबांचे पाण्याला तोंड देणारे निमुळते भाग बघ. १९६१ चा पानशेतचा पूर या पुलानं अंगावर घेतलाय.

मेट्रोवाला

सगळ्यांनी इतिहास सांगितला, जायचं कसं ते कोणीच सांगेना. ताई, गाडी आणू नका, मंडईत पार्किंग शोधण्यात निम्मा दिवस जाईल. आता मंडईला भुयारी मेट्रो स्टेशन आहे. सकाळी मंडई - पंचहौद - फुलेवाडा करा, परत मंडई स्टेशनला या, जिल्हा न्यायालय स्टेशनात लाईन बदला (सरकते जिने, लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको), पुणे स्टेशनला उतरा. स्टेशनची इमारत पण १९२५ ची आहे, बाहेर येऊन एक नजर टाका. ससून समोरच म्हणता येईल इतकं जवळ, तिथनं रिक्षानं कॅम्प. जेवण करून परत स्टेशनला येऊन मेट्रोनं बंडगार्डन, मग कल्याणीनगर स्टेशन, तिथनं पॅलेसला रिक्षा. विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज या दिवसात बसत नाही, उगाच कोंबू नका.

कॅम्पातली_मुलगी

डेक्कन कॉलेज बसतं की! येरवड्यात तर आहे, पॅलेसच्या आधी. टिळकांची खोली तिथं जपून ठेवलीय, तिथं राहून त्यांनी बी.ए. केलं. कामाचा दिवस असेल तर गेटवर विचारून सोडतात.

मेट्रोवाला

बसतं, पण मग कॅम्पात जेवणाला अर्धा तास. तुम्हीच म्हणालात कयानीची लाईन बघा 😀

टवाळ_पुणेकर

मी तर म्हणतो नवा पूल पण दाखवा, १९२३ चा, शंभर वर्षं झाली तरी नवाच. तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव होतं लॉईड ब्रिज, मग शिवाजी पूल झाला, आणि पुणेकर दोन्ही नावं न घेता नव्या पुलावरून शनिवारवाड्याला जातो.

रेवती_बडोदा

ठरलं. भाचीशी बोलले, ती विल्किन्ससाठी हट्ट धरून बसलीय, त्यामुळं लाल देऊळ, ससून बाहेरून, डेक्कन कॉलेज हे पक्कं. सासऱ्यांचं मत पंचहौद पाहिजेच, कारण त्यांच्या आजोळी असंच एक चहाचं प्रकरण झालं होतं म्हणतात, ती गोष्ट ते आता रोज नव्यानं सांगतायत. पॅलेस वेळ उरला तर. विद्यापीठ, फर्ग्युसन, खडकी पुढच्या खेपेला. गुरुवार धरते म्हणजे शब्बाथ नको आणि कॉलेजही उघडं. @मेट्रोवाला, तीन माणसांना एकच कार्ड चालतं का?

मेट्रोवाला

एका कार्डावर एकच माणूस. तुम्ही सरळ तिकीट काढा, ग्रुपचं मिळतं. सासऱ्यांना सांगा आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडं दाखवायचंय, फेकू नका.

सडेतोड

गुरुवारी मी पण मोकळा आहे. मंडईत सकाळी आठला भेटू शकतो, फुलेवाड्यापर्यंत येईन. चर्चमधे मी बाहेर थांबेन.

टवाळ_पुणेकर

@सडेतोड चहा घेणार ना बाहेर थांबून? नावं मी छापतो.